लहान पेटीचा संगणक आणि ग्राफिक्स कार्डाचा हिशेब

कचेऱ्यांतून निवृत्त झालेले लहान पेटीचे संगणक आता आपल्या पुष्कळ कुटुंबांत येऊन स्थिरावले आहेत. मोठ्या कंपन्या असे संगणक काही वर्षांच्या करारावर घेतात, मुदत भरली की एकगठ्ठा काढून टाकतात, आणि मग ते झाडूनपुसून, नवी डिस्क घालून बाजारात येतात. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये, बंगळूरच्या एस. पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्यांच्या थप्प्याच्या थप्प्या दिसतात. डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर ही त्यांतील नित्याची नावे. यंत्र मजबूत, किंमत बेताची आणि टेबलावर जागा थोडी. यास्तव मध्यम प्राप्तीच्या कुटुंबास ते सोयीचे वाटते, आणि ते योग्यच आहे.

परंतु वर्ष-दोन वर्षे लोटली म्हणजे घरातील मुलगा किंवा मुलगी एक नवी मागणी पुढे करते : "बाबा, ह्यात ग्राफिक्स कार्ड घालायला हवं." आईवडिलांस त्यातले फारसे उमगत नाही. मुलास वाटते की आपला अभ्यास किंवा आपली कला ह्या एका वस्तूवाचून अडली आहे. वडिलांस वाटते की हे सारे खेळासाठी चालले आहे. दोघांचेही म्हणणे अंशतः खरे असू शकते. त्यात ह्या कार्डाची किंमत कित्येकदा सबंध संगणकाच्या किमतीइतकी, प्रसंगी तीहूनही अधिक असते. नाताळसाठी बाजूला ठेवलेली किंवा शाळेच्या पुढील हप्त्यासाठी राखलेली रक्कम तीत जाऊ शकते. म्हणूनच ह्या विषयाची नीट माहिती घरातील वडीलधाऱ्यांस असणे अगत्याचे आहे.

गरज आहे काय?

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते ते आखण्याचे व रंगविण्याचे काम ग्राफिक्सचा भाग करतो. कचेरीच्या बहुतेक संगणकांत हा भाग प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असतो. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, शाळेचे ऑनलाइन वर्ग, चित्रपट पाहणे ह्यांस तो पुरेसा होतो. उदाहरणार्थ, इंटेलच्या ८ व्या पिढीतील प्रोसेसरमधील यूएचडी ६३० हा भाग डिस्प्लेपोर्टमधून ४के चित्र सेकंदास ६० वेळा दाखवू शकतो. एवढ्या कामासाठी वेगळे कार्ड घेणे म्हणजे चालत्या सायकलीस दुसरी घंटी बसविणे होय.

संगणक मंद चालतो म्हणून कार्ड घ्यावे, असेही पुष्कळांस वाटते. मंदपणाचे कारण बहुधा निराळेच असते. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो तो कोणत्याही कार्डाने पडणार नाही. तसेच रॅमची एकच पट्टी बसविलेली असेल, तर जोडीची दुसरी पट्टी घातल्याने प्रोसेसरमधील ग्राफिक्सचा वेगही वाढतो. कारण त्या भागास स्वतःची स्मृती नसते, तो रॅमच वापरतो, आणि दोन पट्ट्या असल्या म्हणजे रॅमकडे जाणारा मार्ग दुप्पट रुंद होतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले. तरी जुन्या संगणकातून काढलेली पट्टी शोधल्यास मिळते. यास्तव प्रथम डिस्क, मग रॅम आणि त्यानंतर कार्ड, हा क्रम ध्यानी ठेवावा.

मग खरी गरज कोणास? वास्तुरचनेचा वा यंत्ररचनेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास, ज्यास त्रिमिती आराखडे फिरवून पाहावे लागतात. ब्लेंडरसारख्या साधनावर सजीव चित्रे करणाऱ्यास. चित्रफितींचे संपादन करून चार पैसे मिळविणाऱ्यास. आणि, स्पष्टच सांगावयाचे तर, नवे खेळ खेळू इच्छिणाऱ्यास. खेळ ही निषिद्ध गोष्ट नव्हे. मात्र खेळासाठीच मागणी असेल तर ती तशीच मांडली जावी, अभ्यासाचे पांघरूण तिच्यावर घातले जाऊ नये, एवढे मुलांस प्रेमाने सांगावे.

पेटीचे माप

"लहान संगणक" हा शब्द दुकानात दोन-तीन निरनिराळ्या वस्तूंस लावला जातो. हातात मावेल असा जाड पुस्तकाएवढा एक प्रकार असतो. त्यास मायक्रो, मिनी किंवा टायनी म्हणतात. ह्यांतील जवळजवळ सर्वांत कार्ड बसविण्याचा स्लॉटच नसतो. असा संगणक घरी असेल तर हा विचार येथेच सोडून द्यावा. दुसरा प्रकार स्मॉल फॉर्म फॅक्टर, म्हणजे एसएफएफ. ह्यात स्लॉट असतो, पण पेटी अरुंद असल्यामुळे तेथे ठेंगणे कार्डच उभे राहू शकते. तिसरा प्रकार टॉवरचा. त्यात पूर्ण उंचीचे कार्ड मावते.

नेहमीच्या कार्डाची उंची सुमारे १११ मिलिमीटर असते, आणि ठेंगण्या, म्हणजे लो-प्रोफाइल कार्डाची सुमारे ६९ मिलिमीटर. ह्या दोहोंत तडजोड नाही. पूर्ण उंचीचे कार्ड आणल्यास झाकण लागणार नाही, आणि झाकण काढून ठेवलेल्या यंत्रात धूळ, पाल व लहान मुलांची बोटे ह्या तिन्हींस मोकळीक मिळते. कार्डाबरोबर आखूड पट्टी मिळते की नाही हेही विचारून घ्यावे. ही पट्टी म्हणजे पेटीच्या मागील बाजूस स्क्रूने आवळावयाचा पत्रा. जुन्या कार्डांच्या विक्रीत पुष्कळदा तीच हरवलेली असते, आणि तिच्यावाचून कार्ड स्लॉटमध्ये डुगडुगत राहते.

उंचीनंतर जाडी पाहावी. काही कार्डे एका स्लॉटची जागा घेतात, काही पंख्यामुळे दोन स्लॉटची. काही जुन्या नमुन्यांत मुख्य स्लॉट पॉवर सप्लायच्या भिंतीला लागूनच असतो. तेथे जाड कार्ड शिरतच नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी झाकण उघडावे, लांबी, उंची व शेजारची मोकळी जागा पट्टीने मोजावी, आणि ते आकडे कागदावर लिहून खिशात ठेवावे. शिंपी अंगाचे माप घेतल्यावाचून कापड कापीत नाही; येथेही तोच नियम.

विजेचा हिशेब

ह्या विषयातील सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वीज. कार्डाच्या मोठ्या स्लॉटमधून नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट शक्ती मिळते. ह्याहून अधिक लागणाऱ्या कार्डास पॉवर सप्लायमधून निराळी तार जोडावी लागते, आणि एसएफएफ पेटीतील पॉवर सप्लायला अशी तार बहुधा नसतेच. शिवाय तो पॉवर सप्लाय कंपनीच्या खास आकाराचा असतो. बाजारातील नेहमीचा एसएमपीएस त्याच्या जागी बसत नाही.

आकडेच पाहू. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० ह्या लहान पेटीत २५५ वॅटचा पॉवर सप्लाय असे. पुढे ७०५० मध्ये तो १८० वॅटचा आणि ७०६० मध्ये २०० वॅटचा झाला. आता ७०५० चा हिशेब मांडू या. प्रोसेसरला ६५ वॅट, मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे मिळून अंदाजे ३० वॅट, एकूण ९५. उरले ८५. त्यात ७५ वॅटचे कार्ड घातले तर शिल्लक अवघी १० वॅट. प्रोसेसर जोराच्या कामात क्षणभर ६५ च्या पलीकडेही जातो, तेव्हा ही शिल्लक नाहीशी होते आणि यंत्र ऐन कामात बंद पडते. अशा पेटीत ३० ते ५० वॅटचे कार्डच शहाणपणाचे. २०० वा २५५ वॅटच्या पेटीत ७० ते ७५ वॅटचे कार्ड चालू शकते. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत लहान पेटीच्या स्लॉटसाठी ७५ हून कमी मर्यादा छापलेली असते. ती पुस्तिका कंपनीकडून विनामूल्य मिळते, ती अवश्य पाहावी.

येथे एका धोक्याची सूचना देणे कर्तव्य आहे. "तार नाही? काही हरकत नाही, हा जोड घ्या," असे म्हणून काही विक्रेते डिस्कची तार कार्डाला जोडण्याचा एक स्वस्त तुकडा पुढे करतात. डिस्कच्या साटा तारेतून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच, सुरक्षितपणे वाहू शकतात. कार्डाच्या सहा टोकांच्या जोडणीस मात्र ७५ वॅटपर्यंत ओढण्याची मुभा असते. तार तापते, प्लास्टिक वितळते आणि पेट घेण्याचा संभव असतो. शेदोनशे रुपयांच्या त्या तुकड्यासाठी रात्री झोपलेल्या घरास संकटात घालणे कोणासही परवडणारे नाही.

कोणते कार्ड?

आता प्रत्यक्ष कार्डांकडे वळू. लहान पेटीत बसणारी व स्लॉटच्या विजेवरच चालणारी कार्डे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि त्यामुळे निवड अवघड नाही.

एनव्हिडियाचे जीटी १०३० हे २०१७ मधील कार्ड सर्वांत लहान. सुमारे ३० वॅटमध्ये चालते. पण त्याचे दोन अवतार आहेत. एकात जीडीडीआर५ जातीची जलद स्मृती असते, आणि २०१८ मध्ये निघालेल्या दुसऱ्यात डीडीआर४ जातीची संथ. पहिल्याचा स्मृतिवेग सेकंदास ४८ जीबी, दुसऱ्याचा अवघा सुमारे १७ जीबी. नाव तेच, खोक्यावरील चित्रही तसेच, आणि काम जवळजवळ निम्मे. शिवाय ह्या कार्डात चित्रफीत तयार करणारा भाग, म्हणजे एन्कोडर, नाही. पडद्यांची संख्या वाढविण्यास ते ठीक. अधिक अपेक्षा त्याकडून करू नये.

जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ चे कार्ड पुष्कळ वर्षे गरिबांचे आवडते होते. परंतु ह्याविषयी, तसेच जीटी १०३० विषयी, एक गोष्ट जाणून घ्यावी. दोन्ही कार्डे पास्कल पिढीची आहेत, आणि त्या पिढीसाठी नव्या खेळांस अनुरूप ड्रायव्हर देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविले. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. स्वस्त मिळाले तरी त्याचे उर्वरित आयुष्य मोजूनच पैसे द्यावे.

त्याच्यापुढील जीटीएक्स १६५० हे २०१९ मधील कार्ड ४ जीबी स्मृतीचे व ७५ वॅटचे. त्याचा ठेंगणा अवतार अनेक कंपन्यांनी काढला. नवे आता क्वचितच दिसते, पण जुन्या बाजारात ते चांगला सौदा ठरू शकते. मात्र ह्याच नावाच्या काही कार्डांना बाहेरून वीज लागते व ती पूर्ण उंचीची असतात. तेव्हा नावावर न जाता वस्तू डोळ्यांनी पाहावी.

एएमडीचे आरएक्स ६४०० हे २०२२ मधील कार्ड ५३ वॅटमध्ये चालते, त्याचे एका स्लॉटचे ठेंगणे नमुने मिळतात आणि १८० वॅटच्या पेटीस ते मानवते. त्यात दोन उणिवा आहेत. स्लॉटमधील सोळा मार्गांपैकी ते चारच वापरते. जुन्या संगणकात, जेथे पीसीआय एक्सप्रेसची तिसरी आवृत्ती आहे, तेथे ह्या चार मार्गांचा वेग निम्म्यावर येतो आणि काही खेळांत ते अडखळते. दुसरी उणीव अशी की त्यातही एन्कोडर नाही. २०२० च्या महासाथीत देवळे बंद असताना अनेक धर्मग्रामांनी मिस्सा घरोघरी दाखविण्यास आरंभ केला, आणि काही ठिकाणी ती सोय आजारी व वृद्ध यांच्यासाठी पुढेही चालू राहिली. अशा प्रक्षेपणासाठी हे कार्ड घेतल्यास काही लाभ होणार नाही. उलट इंटेलच्या पुष्कळशा प्रोसेसरांत क्विक सिंक नावाचा एन्कोडर आधीच असतो; एका कॅमेऱ्याच्या साध्या प्रक्षेपणास तोच पुरतो आणि त्यास पैसाही पडत नाही.

इंटेलची आर्क ए३१० व ए३८० ही कार्डे चित्रफितींच्या कामात गुणी आहेत; एव्ही१ ह्या नव्या पद्धतीची चित्रफीतही ती तयार करतात. पण त्यांना रिसायझेबल बार नावाची सोय असलेला मदरबोर्ड लागतो, आणि इंटेलच्या बाबतीत ही सोय १० व्या पिढीपासून पुढे धरली जाते. जुन्या ऑप्टिप्लेक्समध्ये ती घातल्यास वेग फार घटतो.

ह्या सर्वांत समर्थ म्हणजे आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी स्मृतीचे कार्ड. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. ७० वॅटमध्ये चालते, बाहेरची वीज मागत नाही, आणि त्याचे ठेंगणे नमुने गिगाबाइट, एमएसआय आदी कंपन्या करतात. ब्लेंडर व त्रिमिती आराखड्यांच्या अभ्यासास ते खरोखर उपयोगी आहे. पण येथेही नावाचा घोटाळा आहे : २०२२ मधील ८ जीबीचे आरटीएक्स ३०५० हे १३० वॅटचे निराळेच कार्ड असून लहान पेटीस ते निरुपयोगी. तेव्हा पावतीवर "६ जीबी, लो-प्रोफाइल" हे शब्द लिहून घ्यावे. ह्याहून वरच्या ४०६०, ५०५० अशा ठेंगण्या कार्डांना ११५ वॅट वा अधिक शक्ती आणि निराळी तार लागते. आपल्या पेटीचा आणि त्यांचा संबंध नाही.

जुन्याच्या बाजारात

जुने कार्ड घेणे ह्यात कमीपणा नाही. सावधपणा मात्र हवा. २०२२ पर्यंत पुष्कळ कार्डे इथेरियम हे आभासी चलन मिळविण्याच्या कामी रात्रंदिवस राबविली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, आणि ती कार्डे ढिगांनी बाजारात आली. ती सारीच वाईट असतात असे नव्हे, पण पंखा घरघरतो काय, पत्र्यावर गंज आहे काय, हे पाहावे. दुसरी फसवणूक अधिक वाईट : दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्डाच्या अंतर्गत नोंदी बदलून त्यास १०५० टीआयचे नाव दिले जाते, आणि संगणकही तेच नाव दाखवितो. जीपीयू-झेड हे विनामूल्य साधन चालवून पाहिल्यास बहुतेक वेळा अशी लबाडी उघडी पडते. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानातच कार्ड लावून अर्धा तास चालवून दाखविण्याची विनंती करावी. प्रामाणिक विक्रेता ह्यास नकार देत नाही.

घरचा मॉनिटर जुना असून त्यास निळ्या टोकाची व्हीजीए तार असेल, तर नव्या कार्डांवर ती जोडण्याची जागाच नसते. योग्य रूपांतरक निराळा घ्यावा लागतो. हा खर्चही हिशेबात धरावा. आणि कार्ड बसविताना तार भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, पेटीच्या उघड्या लोखंडास हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, मग कार्ड कडेने धरून सरळ दाबावे. मॉनिटरची तार नव्या कार्डावरच लावावी; ती जुन्या जागी राहिल्यामुळे "कार्ड बिघडलेले आहे" अशी तक्रार घेऊन दुकानात परत जाणारे पुष्कळ असतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात अशी लहान पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये. तिच्या पुढे-मागे वीतभर मोकळी जागा असावी आणि वर्षातून दोनदा धूळ काढावी.

एका घराचा हिशेब

समजा, बेळगावातील एका कुटुंबात थोरला मुलगा यंत्रशास्त्राच्या पदविकेस आहे. घरी ऑप्टिप्लेक्स ९०२०, रॅमची एकच पट्टी, जुनी हार्ड डिस्क. तो आरटीएक्स ३०५० मागतो. वीज पुरेशी आहे. मग घ्यावे काय? हा संगणक इंटेलच्या ४ थ्या पिढीचा. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साठी साधारणतः ८ वी पिढी व त्यापुढील प्रोसेसर लागतो. ज्या यंत्राचे दिवस भरत आले आहेत त्यात यंत्राहून महाग कार्ड घालणे म्हणजे जुन्या बुधल्यात नवा द्राक्षारस भरण्यासारखे आहे. ह्या घरास माझा सल्ला असा : तूर्त एसएसडी व रॅमची दुसरी पट्टी घालावी, आराखड्यांचे पहिल्या वर्षाचे काम तेवढ्यावर चालते की नाही ते पाहावे, आणि उरलेली रक्कम ८ व्या पिढीच्या जुन्या संगणकासाठी साठवावी. विंडोज ११ चालेल असा तो संगणक आला म्हणजे २०० वॅटच्या पेटीत हेच कार्ड पुढील कित्येक वर्षे उपयोगी पडेल.

आणि ह्या निर्णयात मुलास बाजूस ठेवू नये. त्यालाच कागद-पेन्सिल द्यावी; पेटीचे माप, विजेची बेरीज, तीन दुकानांतील भाव आणि घरची शिल्लक हे त्यानेच लिहून आणावे, आणि रात्री रोझरीनंतर आईवडिलांसह बसून त्यावर बोलावे. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, अशी शिकवण प्रभू येशूने लूकलिखित शुभवर्तमानात दिली आहे. ती मनोऱ्यासच लागू आहे असे नव्हे. "नाही" हा शब्द वडिलांच्या तोंडून एकाएकी आला तर मुलाच्या मनात तो डूख धरून राहतो. पण तोच शब्द स्वतःच्या हाताने केलेल्या बेरजेतून निघाला, तर त्यात त्यास आपला मान गेल्यासारखे वाटत नाही. आणि बेरजेतून "होय" निघाले, तर त्या कार्डाचे मोल त्यास ठाऊक असते, आणि तो ते जपून वापरतो. ज्या घरात पैशाच्या गोष्टी मुलांपासून लपविल्या जात नाहीत, त्या घरात हट्ट सहसा फार काळ टिकत नाही.